गोळी सुरू केली आणि धडधड वाढली

एकलहऱ्याच्या माणसाला छातीची काळजी वाटणं अगदी साहजिक आहे. औष्णिक वीज केंद्र शेजारी, हवेत कोळशाची राख. अशा धुळीने खोकला आणि दमा बळावतो, म्हणून छाती एकदा नीट तपासून घ्यावीच. पण एक्स-रे, ईसीजी, रक्त सगळं ठीक येऊनही कुणी नाशिकरोडला एकामागून एक डॉक्टर बदलत असेल, सारखी नाडी मोजत असेल, तर उपचार त्या भीतीवर करायला हवा.

‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे नुसते मनाचे खेळ’ असं घरचे म्हणतात. ते चूक आहे. घाबरल्यावर ॲड्रेनालिन वाढतं, त्याने छाती खरोखर धडधडते, घाम फुटतो. श्वास भराभर होतो, त्याने हातांना मुंग्या येतात. त्रास खराच असतो, त्याचा लावलेला अर्थ चुकलेला असतो.

मानसोपचारतज्ज्ञ अशा वेळी समुपदेशनासोबत बहुधा एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखी गोळी देतात. आणि शरीराच्या प्रत्येक हालचालीवर पहारा ठेवणाऱ्या माणसाच्या हाती दुष्परिणामांची यादी पडते.

‘गोळीने जास्तच बिघडलं, म्हणजे ती मला मानवत नाही’ असं म्हणून पुष्कळजण चार दिवसांत गोळी सोडतात. या गटातल्या औषधांचा क्रमच उलटा आहे. मळमळ, डोकेदुखी, पातळ शौच, झोपेची उलथापालथ हे सगळं आधी येतं. काहींची तर घबराटही थोडे दिवस वाढते. बहुतेकांचा हा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो, गुण मात्र दोन ते सहा आठवड्यांनी दिसू लागतो. हा मधला काळ फार कठीण जातो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं, ‘काय होऊ शकेल, किती दिवस राहील, आणि काय झालं तर न थांबता लगेच यायचं?’ लैंगिक इच्छा कमी होणं आपोआप जातंच असं नाही. ते लाजून लपवू नये, त्यावर उपाय असतात.

दुष्परिणामांच्या यादीतलं सगळं आपल्याला होणार, हीसुद्धा भीतीच. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांवर 2020 साली इंग्लंडमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्रासामुळे गोळ्या सोडलेल्या 60 जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने औषध नसलेली गोळी दिली, काही महिने काहीच दिलं नाही. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्याच्या सुमारे 90 टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला. ती माणसं खोटं बोलत नव्हती. त्रासाची धास्तीही त्रास निर्माण करते.

पण याच्या आधारे रुग्णाची तक्रार उडवून लावणं धोक्याचं आहे. मनाच्या इतर आजारांवरची औषधं, म्हणजे लॅमोट्रिजीन घेताना अंगावर पुरळ उठलं, लिथियम घेताना उलट्या झाल्या, जोरात थरथर सुटली किंवा चालताना तोल जाऊ लागला, कुठल्याही औषधाने ताप येऊन अंग ताठरलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लिथियमवाल्यांनी उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नये, मनाने आयबुप्रोफेन घेऊ नये. पाणी कमी पडल्याने आणि आयबुप्रोफेननेही रक्तातलं लिथियम वाढतं. पंचविशीच्या आतल्यांच्या मनात गोळी सुरू झाल्यावर जीव देण्याचे विचार आले, तर ताबडतोब कळवावं. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो.

‘या गोळ्यांची सवय लागते’ हे अर्धं खरं आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांची लागते, म्हणून शेजाऱ्याची पट्टी मागून घेऊ नये. एस्सिटालोप्रामची तलफ येत नाही, पण एकदम बंद केली तर चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. मात्रा हळूहळू उतरवावी, तीही डॉक्टरांना विचारून. वीज केंद्रात रात्रपाळी करणाऱ्याने, उंचीवर किंवा यंत्रापाशी उभं राहणाऱ्याने आपली ड्युटी डॉक्टरांना सांगावीच. गुंगी आणणारी गोळी कधी घ्यायची, हे त्यावरून ठरतं.

दिवसभर नाडी तपासत बसण्यापेक्षा रात्री एकदाच वहीत लिहावं: काय झालं, कधी, किती वेळ. पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांना दाखवावी. औषधाचा त्रास सरकारला फक्त डॉक्टरच कळवू शकतात, असं वाटतं, पण तसं नाही. भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतः तो नोंदवू शकतो.