एका परीकथेची चाळीस वर्षे

काही चित्रपट पहिल्या आठवड्यातच तिकीटबारीवर गल्ला भरतात आणि वर्ष सरण्याच्या आत विस्मृतीत जातात. काही चित्रपटांचे मात्र मुदत ठेवीसारखे असते. आरंभी रक्कम लहान वाटते, तिच्याकडे कोणी फारसे पाहतही नाही. पण काळ जातो तसतसे तिचे मोल वाढत राहते. ‘द प्रिन्सेस ब्राइड’ हा अमेरिकन चित्रपट या दुसऱ्या जातीचा आहे. २५ सप्टेंबर १९८७ रोजी तो अमेरिकेत प्रथम प्रदर्शित झाला. सप्टेंबर २०२७ मध्ये त्याला चाळीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने या चित्रपटाचा प्रवास जाणून घेणे उद्बोधक ठरावे. कारण पडद्यावरील कथेइतकीच पडद्यामागील कथाही चिकाटीची आणि विश्वासाची आहे.

दोन मुली, एक कथा

या कथेचे जनक विल्यम गोल्डमन हे हॉलिवूडमधील नामवंत पटकथालेखक. पटकथालेखनासाठी त्यांना दोन वेळा ऑस्कर पुरस्कार लाभला. आपल्या दोन लहान मुलींसाठी एखादी गोष्ट लिहावी असे त्यांच्या मनात आले. गोष्ट कशाविषयी हवी, असे विचारता एकीने राजकन्या मागितली, तर दुसरीने नववधू. वडिलांनी दोघींचाही शब्द राखला आणि दोन्ही शब्द शीर्षकात एकत्र आले. १९७३ साली ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

गोल्डमन यांनी त्यात एक गंमत केली. ही गोष्ट आपली नसून एस. मॉर्गेनस्टर्न नावाच्या जुन्या लेखकाच्या जाडजूड ग्रंथातील कंटाळवाणी पाने गाळून आपण केवळ रंजक भाग सादर करीत आहोत, असा बहाणा त्यांनी केला. वस्तुतः असा लेखक कधी झालाच नव्हता! पण या क्लृप्तीमुळे मोठ्यांनी लहानांना गोष्ट वाचून दाखवण्याचा अनुभवच कथेचा गाभा बनला.

बँकिंग क्षेत्रातील वाचकांना आणखी एक बाब मौजेची वाटेल. कथेतील दोन शेजारी, वैरी राष्ट्रांची नावे आहेत फ्लोरिन आणि गिल्डर. ही दोन्ही नावे युरोपातील जुन्या नाण्यांची आहेत. फ्लोरिन हे इटलीतील फ्लॉरेन्स नगरीचे सोन्याचे नाणे. ते १२५२ साली प्रथम पाडले गेले. गिल्डर हे नेदरलँड्सचे चलन; २००२ साली युरोच्या नोटा आणि नाणी येईपर्यंत ते तेथे व्यवहारात होते. त्याहून विशेष म्हणजे डच गिल्डरचे संक्षिप्त चिन्हही फ्लोरिन या नावावरूनच आलेले होते. म्हणजे परस्परांशी वैर धरणारी ही दोन राज्ये नाण्याच्या हिशेबाने एकाच कुळातील ठरतात!

हक्कांची परतफेड

कादंबरी प्रसिद्ध होण्याच्या सुमारासच ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या कंपनीने तिचे चित्रपटहक्क विकत घेतले. आता चित्रपट निघणारच, असे वाटत असतानाच कंपनीतील निर्मितीप्रमुख बदलले आणि नव्या कारभारात ही योजना अडगळीत पडली. चित्रपटसृष्टीत असे अनेकदा घडते. हक्क कंपनीच्या कपाटात, आणि लेखक हात चोळत बसलेला!

गोल्डमन स्वस्थ बसले नाहीत. स्वतःच्या खिशातून पैसे मोजून त्यांनी आपल्याच कथेचे हक्क परत विकत घेतले. लेखकाने आपली विकलेली वस्तू पदरमोड करून सोडवून आणावी, हे क्वचितच घडते. गहाण टाकलेला दागिना सोडवताना जी भावना असते, तीच यामागे असावी. पुढेही मार्ग सुकर नव्हता. वर्षामागून वर्षे गेली, अनेक नामवंतांची नावे या चित्रपटाशी जोडली गेली, आणि प्रत्येक वेळी योजना बारगळली.

अखेर हे काम तरुण दिग्दर्शक रॉब रायनर यांच्याकडे आले. त्यांचे वडील कार्ल रायनर हे स्वतः ख्यातनाम विनोदकार आणि दिग्दर्शक. त्यांनीच पूर्वी ही कादंबरी मुलाच्या हाती ठेवली होती, आणि तेव्हापासून ते रॉब यांचे आवडते पुस्तक बनले होते. भांडवल उभे केले दूरचित्रवाणी निर्माते नॉर्मन लिअर यांनी. लिअर यांच्या गाजलेल्या मालिकेत रॉब यांनी अभिनेता म्हणून काम केले होते. एखाद्या होतकरू उद्योजकाची कुवत ओळखून त्याला अर्थसाहाय्य द्यावे, तसा हा विश्वास होता.

कथेचा धागा

आजारी पडलेल्या नातवाला त्याचे आजोबा एक पुस्तक वाचून दाखवायला येतात. नातवाचे लक्ष व्हिडिओ गेममध्ये. त्यात ही प्रेमकथा आहे असे कळताच तो नाके मुरडतो. आजोबा मात्र धीर सोडत नाहीत. पीटर फॉक आणि बालकलाकार फ्रेड सॅवेज यांनी हे आजोबा-नातू अतिशय लोभस रंगवले आहेत.

आजोबांच्या गोष्टीतील बटरकप ही एक शेतकरी कन्या. तिच्या शेतावर राबणारा वेस्टली तिच्या प्रत्येक हुकमाला एकाच छोट्या, नम्र होकाराने उत्तर देतो. या होकाराचा खरा अर्थ ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ असा आहे, हे तिला उमगते आणि कथेला आरंभ होतो. नशीब काढण्यासाठी समुद्रपार गेलेला वेस्टली चाच्यांच्या हाती सापडून मारला गेल्याची वार्ता येते. पाच वर्षांनी बटरकपचे लग्न दुष्ट राजपुत्र हंपरडिंक याच्याशी ठरते, तोच तिचे अपहरण होते. अपहरण करणारे तिघे, आणि त्यांचा पाठलाग करणारा काळ्या वेशातील एक बुरखाधारी!

पुढील कथेत उंच कडा आहे, तलवारबाजी आहे, विषाच्या प्याल्यावरून बुद्धीची झुंज आहे, आगीची दलदल आहे, आणि नायक ‘बहुतांशी’ मेला असता त्याला उठवणारा एक चिडखोर वैद्यही आहे. एका दर्यावर्दी चाच्याची कल्पना तर वाणिज्याच्या विद्यार्थ्याला विशेष भावावी. रॉबर्ट्स हा चाचा वर्षानुवर्षे दहशत गाजवतो. परंतु मूळ रॉबर्ट्स केव्हाच निवृत्त झालेला असतो. नाव तेच राहते, माणूस मात्र बदलत जातो. कारण लोक भितात ते नावाला! लेखाशास्त्रात ज्याला ‘ख्याती’ म्हणतात, तिचे मूल्य इतक्या गमतीने क्वचितच कोणी समजावले असेल.

श्रम आणि सौहार्द

चित्रीकरण इंग्लंड आणि आयर्लंडमध्ये झाले. कथेतील तो भयंकर कडा म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लिफ्स ऑफ मोहर. राजवाड्यातील काही दृश्यांसाठी डर्बीशर परगण्यातील हॅडन हॉल ही प्राचीन वास्तू वापरण्यात आली.

कड्यावरील तलवारयुद्ध हा चित्रपटाचा मानबिंदू. कॅरी एल्वेस आणि मँडी पटिंकिन या दोघांनी बॉब अँडरसन आणि पीटर डायमंड या गुरूंकडे दीर्घकाळ तालीम घेतली, तीही उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही हातांनी. कोलांट्या वगळता जवळजवळ संपूर्ण युद्ध या दोन नटांनीच केले आहे.

महाकाय फेझिकच्या भूमिकेत आंद्रे द जायंट हा जगप्रसिद्ध मल्ल होता. पाठीच्या दुखण्यामुळे त्याला कोणाला उचलणेही अशक्य होते, म्हणून नायिकेला झेलण्याच्या दृश्यात तिचा भार तारांवर तोलावा लागला. संवाद पाठ करता यावेत यासाठी दिग्दर्शकाने ते ध्वनिफितीवर मुद्रित करून दिले. कडाक्याच्या थंडीत नायिका रॉबिन राइट हिच्या डोक्यावर हा भीमकाय सहकारी आपला विशाल तळहात ठेवून तिला ऊब देत असे, अशी आठवण तिने सांगितली आहे. आंद्रेचे १९९३ साली निधन झाले.

गोल्डमन यांची एक आठवण हृद्य आहे. आगीच्या दलदलीच्या चित्रीकरणात नायिकेच्या वस्त्राने पेट घेताच ते घाबरून ओरडले आणि दृश्य वाया गेले. वास्तविक तो प्रसंग त्यांनीच लिहिलेला होता!

सर्वांत अंतर्मुख करणारी हकीकत मात्र पटिंकिन यांची. वडिलांच्या खुन्याचा वीस वर्षे शोध घेणारा इनिगो मोंटोया त्यांनी साकारला. पटिंकिन यांचे स्वतःचे वडील कर्करोगाने गेले होते. सहा बोटांच्या सरदाराशी झुंजताना आपण त्या कर्करोगाशीच लढत होतो आणि त्याला मारले की वडील परत येतील असे वाटत होते, हे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. विनोदी परीकथेतील तो एक प्रसंग इतका जिव्हारी का लागतो, याचे उत्तर येथे मिळते.

संथ पण अखंड वाढ

चित्रपटाचा खर्च सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर, तर अमेरिकेतील तिकीटविक्री सुमारे ३ कोटी डॉलर. यातून चित्रपटगृहांचा वाटा वजा जाता हे यश बेताचेच म्हणावे लागेल. अडचण जाहिरातीची होती. हा प्रेमपट म्हणावा, विनोदपट म्हणावा, साहसपट म्हणावा की बालचित्रपट, हे वितरकांना ठरवता येईना. जे सर्वांसाठी आहे, ते नेमके कोणाला विकावे?

या प्रश्नाचे उत्तर व्हिडिओ कॅसेटने दिले. लोकांनी तो घरी आणून पाहिला, मुलांना दाखवला, पाहुण्यांना दाखवला. ज्या चित्रपटाची खूणगाठ कोणत्याही एका गटाशी बांधता आली नाही, तो घरातल्या सर्वांनी मिळून पाहण्याचा चित्रपट ठरला. लहानपणी पाहणारी मुले पुढे आईबाप झाली आणि तीच फीत, पुढे तीच डीव्हीडी, त्यांनी आपल्या मुलांसमोर ठेवली. १९८८ साली त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला, एका गीतासाठी ऑस्करचे नामांकनही लाभले. आणि २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करण्यायोग्य कलाकृती म्हणून त्याची निवड झाली.

वारसा

२०२० साली टाळेबंदीच्या काळात अनेक कलावंतांनी आपापल्या घरी, मिळेल त्या साहित्यानिशी हा चित्रपट तुकड्यातुकड्यांनी पुन्हा चित्रित केला. अन्नदानाच्या कार्याला निधी मिळावा हा त्यामागील हेतू होता. त्यातील शेवटच्या दृश्यात नातू झाले होते स्वतः रॉब रायनर, आणि आजोबांच्या भूमिकेत होते त्यांचे वडील कार्ल रायनर. ज्यांनी एके काळी मुलाच्या हाती हे पुस्तक दिले, त्यांचा तो अखेरचा अभिनय ठरला. त्यानंतर लगेचच, जून २०२० मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी ते निवर्तले. गोल्डमन २०१८ साली, लिअर २०२३ साली आणि रॉब रायनर डिसेंबर २०२५ मध्ये हे जग सोडून गेले.

चित्रपटाच्या अखेरीस पुस्तक मिटते. आरंभी कंटाळलेला नातू, जमल्यास उद्या येऊन हीच गोष्ट पुन्हा वाचाल का, असे आजोबांना विचारतो. दाराशी थांबून आजोबा त्याला वेस्टलीच्याच त्या छोट्या, नम्र होकाराने उत्तर देतात. त्याचा अर्थ आता प्रेक्षकालाही ठाऊक झालेला असतो.

येत्या सुटीत घरातील मोठ्यांनी लहानांना जवळ बसवून हा चित्रपट अवश्य दाखवावा. चाळीस वर्षांची ही ठेव पुढील पिढीच्या नावे करण्यास अर्ज लागत नाही, साक्षीदारही लागत नाही. दोन तासांचा निवांत वेळ तेवढा पुरेसा आहे.