लाल राळेचा माग

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर, अलागोआस राज्यात खारफुटीलगत ठेवलेल्या मधपेट्या उघडल्या की फटींमध्ये गडद लाल, चिकट लेप दिसतो. हे प्रोपोलिस. माशी झाडाची राळ मागच्या पायांवर लादून आणते, तिच्यात मेण कालवते आणि पेटी लिंपून घेते. म्हणजे प्रोपोलिसचं रसायन हे मुळात भोवतालच्या झाडांचं रसायन. युरोपात पॉप्लरच्या कळ्यांमुळे त्यात क्रायसिन आणि गॅलँगिन ही फ्लेव्होनॉइड गटातली संयुगं सापडतात. ब्राझीलच्याच मिनास जेराइसमध्ये बॅकॅरिसच्या झुडपांमुळे ते हिरवं होतं आणि त्यात आर्टेपिलिन-सी येतं.

मग हा लाल रंग कुणाचा? ब्राझीलच्या प्रोपोलिसचे आधी 12 प्रकार मानले होते, त्यांत हा बसेना. संशोधकांनी माशांवर नजर ठेवली. किनाऱ्यावरच्या डालबर्जिया एकास्टाफायलम या झुडपाच्या खोडातून झिरपणारा लाल चीक त्या गोळा करत होत्या. हे झुडूप आपल्या शिसवाच्याच प्रजातीतलं. चीक आणि प्रोपोलिस दोन्ही अल्कोहोलमध्ये विरघळवून एचपीएलसी यंत्रातून सोडले. यंत्रातल्या नळीतून प्रत्येक संयुग आपापल्या वेळी बाहेर पडतं आणि आलेखावर त्याचं शिखर उमटतं. दोन्ही आलेखांची बरीच शिखरं जुळली. फॉर्मोनोनेटिन, व्हेस्टिटॉल अशी आयसोफ्लेव्होनॉइड दोन्हीकडे होती.

मला खरा आनंद देतात ती न जुळलेली शिखरं. गटिफेरोन-ई आणि झँथोकायमॉल ही संयुगं प्रोपोलिसमध्ये होती, पण लाल चिकात नव्हती. ती कुठून आली याचं उत्तर 2020 मध्ये छापून आलं: सिम्फोनिया ग्लोब्युलिफेरा नावाच्या दुसऱ्याच झाडाच्या राळेतून. हे झाड कोकमाच्या कुळातलं. कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉलही याच रासायनिक गटात मोडतं. माशा दोन झाडांची राळ आणत होत्या, आणि ते आधी आलेखाने सांगितलं.

म्हणूनच बाटलीवर नुसतं ‘प्रोपोलिस’ आणि ‘एकूण फ्लेव्होनॉइड’चा आकडा पाहून औषधी गुण ठरवणं मला पटत नाही. हा आकडा बहुधा अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या रंगचाचणीतून येतो. ती चाचणी क्रायसिन, गॅलँगिनसारखी संयुगं छान पकडते. फ्लॅव्हॅनोन गटातलं पिनोसेम्ब्रिन मात्र तिच्या हाती नीट लागत नाही. आर्टेपिलिन-सी तर फ्लेव्होनॉइडच नाही. त्यामुळे उत्तम हिरव्या प्रोपोलिसचाही आकडा कमी दिसू शकतो.