निर्मनुष्य न्यूयॉर्क आणि न पुसलेली रेषा

‘द वर्ल्ड, द फ्लेश अँड द डेव्हिल’ हा रॅनल्ड मॅकडूगल दिग्दर्शित अमेरिकन चित्रपट 1959 मध्ये, म्हणजे अणुयुद्धाची भीती जगभर पसरलेली असताना प्रदर्शित झाला. डिस्टोपिया, म्हणजे आजच्या समाजातील दोष पराकोटीला गेल्यावर उभे राहणारे भयावह कल्पित जग. परंतु या चित्रपटातील भयाचे मूळ विध्वंसात नसून विध्वंसानंतरही शाबूत राहिलेल्या सामाजिक सवयींत आहे, आणि हेच त्याचे खरे वेगळेपण आहे.

पेनसिल्व्हेनियातील खाणीत अडकलेला राल्फ बर्टन हा कृष्णवर्णीय खाणनिरीक्षक (हॅरी बेलाफाँटे) स्वतःच वाट काढून बाहेर येतो, तेव्हा हवेत सोडलेल्या किरणोत्सारी विषाने मनुष्यवस्ती नाहीशी झालेली असते. तो न्यूयॉर्कला पोहोचतो; तेथील रस्ते पहाटे, वर्दळ सुरू होण्यापूर्वी, प्रत्यक्ष जागेवर चित्रित केले गेले. पडद्यावर कोठेही प्रेते दिसत नाहीत. ही उणीव वाटली तरी त्यामुळेच प्रेक्षकाचे लक्ष इमारतींवर खिळते. सिनेमास्कोप, म्हणजे उंचीच्या दुपटीहून अधिक रुंद असणारी चित्रचौकट, येथे फार अर्थपूर्ण ठरते, कारण तिच्या विस्तारात एकटा चालणारा माणूस ठिपक्याएवढा होतो आणि गर्दीसाठी बांधलेले शहर त्याच्याशी नातेच सांगत नाही. राल्फ जनित्र चालू करून दिवे पेटवतो, दुकानातील पुतळे घरी आणून त्यांच्याशी बोलतो.

परात्मता, म्हणजे माणूस समाजापासून, इतरांपासून आणि अखेर स्वतःपासूनही तुटणे, ही या एकटेपणाहून निराळी गोष्ट आहे, आणि ती सेरा क्रँडल ही गौरवर्णीय स्त्री भेटल्यावरच उघड होते. ती त्याच्या इमारतीत राहायला येऊ इच्छिते, तेव्हा लोक बोलतील म्हणून तो नकार देतो. बोलायला एकही माणूस उरलेला नसताना! तिच्या वाढदिवशी तो मेजवानी मांडतो, पण स्वतः वाढप्याची भूमिका घेऊन तिच्यासोबत बसायचे टाळतो. वर्णभेदाचा पहारा बाहेरच्या समाजाइतकाच मनातही बसलेला असतो, हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या वेदनेने सांगणारे प्रसंग त्या काळच्या हॉलिवूडमध्ये विरळाच.

तिसरा वाचलेला माणूस, गौरवर्णीय बेन्सन थॅकर, आल्यावर मात्र कथा प्रेमत्रिकोणाकडे वळून पुष्कळशी सैल होते. दोघे पुरुष ओस रस्त्यांवर बंदुका घेऊन एकमेकांचा पाठलाग करतात, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयासमोरील भिंतीवर कोरलेले, तलवारींचे नांगर करण्याविषयीचे बायबलमधील वचन वाचून राल्फ शस्त्र टाकतो. शेवटी तिघे हातात हात घालून निघतात. राल्फ आणि सेरा यांच्या नात्याला स्पष्ट निर्णय न देणारी ही तडजोड आज बोचते. तथापि भिन्नवर्णीय विवाहांवरील बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये रद्द करेपर्यंत अनेक राज्यांत असे विवाह बेकायदा होते, त्यामुळे निर्मात्यांनी ज्या समाजासाठी चित्रपट काढला, त्याच समाजाचा धाक त्यांच्या पटकथेवरही होता असेच मानावे लागते.