चार वाजताचा चहा, घरची नानखटाई आणि राहून गेलेला हिशेब

कापड बाजारात दुपारी चारच्या सुमारास गिऱ्हाईक कमी असते. अशा वेळी बाहेरगावचा व्यापारी गादीवर बसला असेल तर चहा मागवावाच लागतो, आणि नुसता चहा पुढे करणे आमच्याकडे बरे दिसत नाही. पूर्वी आम्ही बेकरीची खारी आणत असू. पुढे घरची नानखटाई येऊ लागली. दोन-तीन व्यापाऱ्यांनी कापडाबरोबर तिचीही मागणी नोंदवली आणि आमच्या घरातला हा छोटा धंदा सुरू झाला.

'नान' म्हणजे फारसीत रोटी. पदार्थ मात्र सुरतेचा मानतात. तेथील डच लोकांची बेकरी पारशी दोतीवाला घराण्याकडे आली व तिथूनच नानखटाई निघाली, असे सुरतकर सांगतात. खरेदीला सुरतेस गेलेला आपला माणूस येताना एक डबा आणतोच.

किलोभर नानखटाईसाठी घरात 400 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम बेसन, 50 ग्रॅम बारीक रवा, 250 ग्रॅम पिठीसाखर, 300 ग्रॅम तूप, चिमूटभर खायचा सोडा व वेलदोडे घेतात. थिजलेले तूप साखरेबरोबर पांढरे होईपर्यंत फेसायचे. खरी मेहनत इथेच आहे. पीठ घातल्यावर फक्त गोळा करायचा, कणकेसारखे मळायचे नाही. मळले की खटाई चिवट होते. ओव्हन आधी तापवून 160 ते 170 अंशांवर वीस मिनिटे पुरतात. बाहेर काढताना ती मऊ लागते, म्हणून कच्ची समजून परत आत ढकलू नये. गार होताना ती आपोआप कडक होते. गरम असताना डब्यात भरली तर वाफ धरून नरम पडते.

आता हिशेब. आमची पहिली मोठी मागणी ईदची, बारा किलोची होती. भाव ठरवला 280 रुपये किलो. तूप 600 रुपये किलो धरले तर एका किलोत 180 रुपयांचे तूपच जाते. बाकीचा माल 50, डबा व कागद 20, वीज 10, झाले 260. वीस रुपये सुटले म्हणून घरात सगळे खूश. पण दहात एक खटाई तुटते, ती विकता येत नाही. ती धरली की किलोला 289 पडतात. म्हणजे माल घाट्यात गेला, आणि दोन रात्री जागलेल्या बायकांची मजुरी तर कोणी मांडलीच नव्हती. तीस वर्षे मीटरमागे पैसे मोजणाऱ्या माझ्यासारख्यालाही घरच्या कामाची मजुरी आठवली नाही, याची मला शरम वाटली. पुढच्या खेपेस ती वेगळी लिहून भाव वाढवला. दोन गिऱ्हाइके गेली, बाकीची राहिली.

वनस्पती तूप वापरून स्वस्त करा, असा सल्ला मिळाला होता. तो आम्ही घेतला नाही. 2022 पासून त्यातील ट्रान्सफॅट 2 टक्क्यांच्या वर चालत नाही हे ठीक, पण ती चव येत नाही. आणि घरून विकायचे असले तरी 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, हे भगिनींनी विसरू नये.

राहिली भांडी. अम्मीच्या लग्नातला बोन चायनाचा संच आमच्याकडे आहे. या मातीत जनावरांच्या हाडांची राख असते. तिच्यामुळेच कप पातळ असून मजबूत होतो आणि उजेडात धरला तर बोटांची सावली दिसते. दुकानात पाहुण्यांसाठी म्हणून मी सहा कप आणले आणि घासण्याच्या पावडरीने स्वतः घासले. महिनाभरात सोनेरी किनार उडाली. ती किनार भाजलेल्या कपावर वरून चढवलेली असते, खरखरीत काही लागले की निघते. असा कप मायक्रोवेव्हमध्येही ठेवू नये, ठिणग्या उडतात. चहाचा तपकिरी डाग आतल्या बाजूस बसला तर ओल्या खायच्या सोड्याने मऊ फडक्याने पुसावा, किनार सोडून. कप एकात एक घालू नयेत. बशा रचताना मध्ये सुती कापडाचा तुकडा ठेवावा. आमच्याकडे कटपीसला काय तोटा!

दस्तरखानावर दुधाचा चहा सांडला तर आधी थंड पाणी. गरम पाण्याने दुधाचा अंश धाग्यात पक्का बसतो, मग साबण हरतो.

अम्मींनी सहाही कप परत नेले. दुकानात आता जाड पांढरे कप आहेत, बिनकिनारीचे.