मांजा, चिखल आणि रात्रीचा उजेड: पाहुण्या पक्ष्यांसाठी आपल्या वस्तीत काय करता येईल?

मागच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. पाचोऱ्यात सकाळी विहाराकडे जाताना वस्तीच्या टोकाच्या बाभळीवर एक पक्षी उलटा लोंबकळताना दिसला. काळे डोके, काळे पंख आणि अंगावर फिकट गुलाबी रंग. आपल्याकडे शेतकरी त्याला भोरडी म्हणतात. नायलॉनचा मांजा तिच्या पंखाच्या सांध्यात रुतला होता. ती जेवढी फडफडत होती तेवढा तो आणखी आवळत होता. आठवीतला एक मुलगा पळत जाऊन बांबू घेऊन आला, दुसरा झाडावर चढला. आम्ही तिला खाली उतरवले, मांजा कापला, खोक्यात ठेवले. दुपारपर्यंत ती मेली. बांबू आणणारा पोरगा बराच वेळ तिथेच उभा होता. शेवटी म्हणाला, "दादा, हा मांजा माझाच असंल का?"

तेव्हा आम्ही त्याला नीट उत्तर देऊ शकलो नाही. आता पुन्हा संक्रांत तोंडावर आली आहे, म्हणून हा लेख.

हे पाहुणे कोण?

भोरडी आपल्या गावची नाही. तिचे घरटे मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात असते. तिथे पिल्ले उडाली की थवे दक्षिणेकडे निघतात. जुलै-ऑगस्टपासून ते भारतात येऊ लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. दिवसभर शेतात टोळ, नाकतोडे, किडे खातात. ज्वारीवरही बसतात, म्हणून शेतकरी त्यांना हाकलतो, आणि ती तक्रार खोटी नाही. पण हाच पक्षी टोळांचा फडशा पाडतो. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळधाडीवर उपाय म्हणून या पक्ष्यांना घरटी करता यावीत यासाठी दगडांचे ढीग रचून दिले जातात. संध्याकाळी हजारोंच्या संख्येने ते एकत्र येतात आणि गावातल्या किंवा गावालगतच्या झाडांवर रात्र काढतात. म्हणजे गाव आणि शहर त्यांच्यासाठी वाटेवरचा अडथळा नाही, मुक्कामाची जागा आहे.

भोरडीसारखे इतरही आहेत. नदीकाठी शेपटी हलवत फिरणारा धोबी, पाण्याच्या कडेला पळणारा तुतवार, विजेच्या तारांवर रांगेने बसणाऱ्या माळभिंगऱ्या, शेतावरून खालून घिरट्या घालणारा भोवत्या ससाणा. मोठ्या पाण्यावर थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. आपल्या जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या संगमाजवळचे हतनूर धरण या पाणपक्ष्यांसाठी महत्त्वाचे ठिकाण मानले जाते. जळगाव शहरातला मेहरूण तलाव, धुळ्याजवळचा नकाणे तलाव, आपल्या तालुक्यातले बहुळा धरण, गिरणेचे पात्र, ही सगळी त्यांची विश्रांतीची ठिकाणे आहेत.

सायबेरियापासून हिंदी महासागरापर्यंतच्या या हवाई वाटेला शास्त्रज्ञ 'मध्य आशियाई उड्डाणमार्ग' म्हणतात. सुमारे ३० देश या वाटेवर येतात आणि भारत तिच्या मधोमध आहे. पट्टकादंब नावाचा हंसाच्या जातीचा पक्षी तर हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर त्याची नोंद झाली आहे. एवढा प्रवास करून आलेला पक्षी आपल्या गल्लीतल्या पन्नास रुपयांच्या दोऱ्याने मरतो.

शहर त्यांना कुठे मारते?

पहिले कारण मांजा. सुती दोरा तुटतो, पावसात कुजतो. नायलॉन तुटत नाही आणि कुजतही नाही. सण एक दिवसाचा, पण झाडावर आणि तारांवर अडकलेला मांजा पुढे कित्येक महिने फास बनून राहतो. शिवाय वेळ बघा. पक्षी सकाळी लवकर झाडावरून निघतात आणि संध्याकाळी परततात. पतंगांचा जोरही नेमका संध्याकाळीच असतो. जानेवारी हा पाहुणे पक्षी भरात असण्याचा महिना. हा मांजा माणसालाही सोडत नाही. दुचाकीस्वारांचे गळे कापल्याच्या बातम्या दर संक्रांतीला आपण वाचतो.

दुसरे कारण चिखल नाहीसा होणे. तुतवार, धोबी, शेकाट्या यांना खोल पाणी नको असते. त्यांना उथळ, चिखलाचा काठ लागतो, कारण त्यांचे किडे आणि अळ्या तिथे असतात. आपल्याकडे तलावाचे 'सुशोभीकरण' म्हणजे चारही बाजूंनी सिमेंटची भिंत, फरशी आणि रंगीत दिवे. पाणी तेवढेच राहते, पण पक्ष्याचे ताट उचलले जाते. दुसऱ्या बाजूला, ज्या नदीकाठाचे सुशोभीकरण होत नाही तिथे कचरा आणि सांडपाणी जाते. आणि त्या काठावर कोणाच्या वस्त्या असतात, हे वेगळे सांगायला नको. पक्ष्याला जे पाणी विषारी झाले ते आपल्या पोरांनाही विषारीच आहे.

तिसरे कारण रात्रीचा उजेड. अनेक पक्षी रात्री प्रवास करतात आणि ताऱ्यांवरून दिशा ओळखतात. प्रखर दिव्यांनी ते भरकटतात. झाडावर झोपलेला थवा लेझर आणि फटाक्यांनी उठला तर अंधारात तारांवर, भिंतींवर आदळतो. इथे आपण स्वतःलाही विचारले पाहिजे. एप्रिलमध्ये आपण जयंती साजरी करतो तेव्हा शेवटचे थवे परतीच्या तयारीत असतात. मिरवणुकीच्या वाटेवरच्या मुक्कामाच्या झाडावर लेझर मारला नाही, तर जयंतीचा उत्साह तसूभरही कमी होणार नाही.

कायदा आहे, मग अडले कुठे?

राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि सिंथेटिक मांजावर देशभर बंदी घातली. महाराष्ट्रात दर जानेवारीला पोलीस छापे टाकतात, चक्र्या जप्त होतात, फोटो छापून येतात. तरी मांजा मिळतो. पकडला जातो तो बहुतेक वेळा छोटा विक्रेता किंवा वस्तीतला पोरगा. तो माल कुठून आला, कोणी बनवला, याचा शोध क्वचितच लागतो.

ही अडचण नवी नाही. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी कोरवून घेतलेल्या पाचव्या स्तंभलेखात मारू नयेत अशा प्राण्यांची यादी दिली आहे. त्यात पोपट आहे, मैना आहे, वटवाघूळ आहे, आणि चक्रवाक व हंसही आहेत. चक्रवाक लडाख-तिबेटकडून हिवाळ्यात मैदानात उतरतो. त्या यादीतला हंस म्हणजे पट्टकादंब असावा, असे बरेच पक्षी-अभ्यासक मानतात. म्हणजे सुमारे २२०० वर्षांपूर्वी या देशात स्थलांतरित पक्ष्यांना राजाज्ञेने अभय मिळाले होते.

पण त्याहून महत्त्वाचे पुढे आहे. सातव्या स्तंभलेखात अशोक स्वतःच या नियमांचा हिशेब मांडतो. धम्माची वाढ नियमांनी होते आणि लोकांचे मन वळवण्यानेही होते, पण नियमांनी थोडी आणि मन वळवण्याने अधिक, असा त्याचा निष्कर्ष आहे. उदाहरण म्हणून तो प्राण्यांना न मारण्याच्या नियमाचाच उल्लेख करतो. ज्याच्या हातात सगळी सत्ता होती तो राजा हे म्हणतो. २०१७ च्या बंदीचे आज जे झाले आहे ते याच सूत्राने समजून घेता येते.

लोकांनी करून दाखवले आहे

नागालँडच्या वोखा जिल्ह्यातले पांगती हे गाव. सैबेरियाकडून आफ्रिकेला जाणारे अमूर ससाणे दर शरद ऋतूत डोयांग जलाशयाजवळ लाखोंनी उतरतात. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून एका हंगामात लाखाहून अधिक ससाणे मारले गेल्याचा अंदाज पुढे आला. जगभर ओरड झाली. पण नीट पाहिले तर मारणारे कोण होते? धरणात ज्यांची शेते बुडाली आणि जे मासेमारीवर जगू लागले, तेच लोक. त्यांना गुन्हेगार ठरवून काही साधले नसते. गावसभा बसल्या, चर्चमधून आवाहन झाले, तरुणांची राखण सुरू झाली. २०१३ च्या हंगामात तिथे एकही ससाणा मारला गेला नाही. त्याच वर्षी उपग्रह यंत्र बसवलेल्या तीन ससाण्यांपैकी एकाला गावाचेच नाव दिले गेले, 'पांगती'. जाळी लावणारे राखणदार झाले.

आपल्या राज्यात नवी मुंबईच्या नेरूळमधल्या डीपीएस तलावाचे उदाहरण आहे. एप्रिल २०२४ मध्ये तिथे काही फ्लेमिंगो मृत आणि जखमी आढळले. भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग बंद झाल्याने तलाव कोरडा पडत होता. नागरिक रस्त्यावर उतरले, तक्रारी केल्या, पाठपुरावा सोडला नाही. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली.

शेजारच्या गुजरातमध्ये संक्रांतीच्या दिवसांत 'करुणा अभियान' चालते. वन विभाग, पशुवैद्यक आणि हजारो स्वयंसेवक मिळून जखमी पक्ष्यांसाठी केंद्रे उघडतात, आणि सकाळी लवकर व संध्याकाळी पतंग उडवू नका असे सांगतात. पतंगाचा सण तिथे आपल्यापेक्षा मोठा आहे. तो बंद न करता हे काम होते, हे लक्षात घ्यावे.

"माणसंच मरू राहिले..."

आम्ही हा विषय बैठकीत काढला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "अरे, इथं माणसंच मरू राहिले, तुम्ही पाखरं कुठं घेऊन बसले?" प्रश्न चुकीचा नाही. अत्याचाराच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, तरुणांना काम नाही. ज्यांच्याकडे वेळ आणि कॅमेरा आहे अशांचा छंद म्हणून पक्षी पाहिले जातात, हेही खरे आहे.

तरी आमचे उत्तर असे. पहिले, पंचशीलातले पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे आणि त्यात फक्त माणूस म्हटलेले नाही. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' मध्ये देवदत्ताने बाण मारलेल्या पक्ष्याचा प्रसंग घेतला आहे. तिथे लवादाने पक्षी मारणाऱ्याचा नव्हे, तर वाचवणाऱ्याचा मानला. जीव कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न आपल्या चळवळीचाही मूळ प्रश्न आहे. वर्षावासाची प्रथाही अशीच सुरू झाली. पावसात पक्षीसुद्धा घरटे करून एका जागी राहतात आणि हे भिक्खू मात्र कोवळे गवत, किडे-मुंग्या तुडवत फिरतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि बुद्धांनी ती मान्य केली. पाचोऱ्याहून अजिंठा फार लांब नाही. तिथल्या सतराव्या लेण्यात हंस जातक रंगवलेले आहे. फास्यात अडकलेल्या राजहंसाला सोडून न जाणाऱ्या सोबत्याची ती कथा आहे. दर वर्षी सहल नेतो तेव्हा मुलांना ते चित्र थांबून दाखवावे.

दुसरे, हे काम माणसांच्या कामापासून वेगळे नाही. नायलॉन मांजाने पक्षी मरतो तसाच दुचाकीवरून कामाला जाणारा माणूसही जखमी होतो. नदीचा काठ स्वच्छ झाला तर वस्तीचे डास कमी होतात. तलावाच्या कडेचा चिखल वाचवायचा तर नगरपालिकेच्या आराखड्यात बोलावे लागते, आणि तिथे बोलण्याची सवय आपल्या तरुणांना लागली पाहिजे.

येत्या संक्रांतीला काय करायचे?

आम्ही वस्तीपुरते ठरवलेले इथे देत आहोत. आपापल्या गावात त्यात भर घालावी.

१. डिसेंबरच्या धम्मवर्गात मुलांशी बोलावे. 'पतंग उडवू नका' असे सांगू नये. नायलॉन आणू नका, सुती दोरा वापरा, सूर्योदयाच्या आणि सूर्यास्ताच्या वेळेला पतंग खाली घ्या, एवढेच सांगावे.

२. दुकानदाराला आधी भेटावे. तक्रार नंतर. बहुतेकांचे पैसे मालात अडकलेले असतात, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, माल भरण्याआधी भेटणे उपयोगाचे.

३. संक्रांतीनंतरच्या रविवारी 'मांजा उतरवा' मोहीम घ्यावी. झाडांवरचा मांजा बांबूने काढावा आणि बारीक तुकडे करून पिशवीत बंद करावा. जाळू नये, उघड्यावर टाकू नये. विजेच्या तारांना हात लावायचा नाही. त्यासाठी वीज कार्यालयाला कळवायचे.

४. जखमी पक्षी सापडला तर मांजा ओढायचा नाही, कात्रीने दोन्ही बाजूंनी कापायचा. सुती कापड टाकून पक्षी उचलावा, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात शांत ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा, पशुवैद्यकांकडे न्यावे.

५. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. १९८७ पासून ती दर वर्षी होते. बहुळा धरणावर किंवा गिरणेकाठी एक सकाळ जाऊन मोजावे, वही ठेवावी. मोजलेला आकडा हातात असला की निवेदनाला वजन येते.

६. मे आणि ऑक्टोबर महिन्यांच्या दुसऱ्या शनिवारी जागतिक स्थलांतरित पक्षी दिन असतो. २०२५ चा विषयच पक्ष्यांना अनुकूल शहरे आणि समाज हा होता. मे महिन्यातला दिवस बुद्ध पौर्णिमेच्या जवळपास येतो. दोन्हींचा कार्यक्रम विहारात एकत्र घेता येईल. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह आहे. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांच्या दरम्यानचा. शाळेत बोलायला तो आठवडा चांगला.

यातले एकही काम पैशांमुळे अडत नाही. बांबू, कात्री, खोके आणि चार पोरे पुरतात.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्ही असे देऊ. बाळा, तो मांजा तुझा होता की दुसऱ्याचा, हे कधीच कळणार नाही. पण बांबू तूच आणला होतास, हे आम्ही सगळ्यांनी पाहिले. या वर्षी मोहिमेचा बांबू त्याच्याच हातात असेल.

जय भीम.