नवा टीव्ही आणि केबलचे पैसे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कांद्याचे किंवा द्राक्षांचे पैसे हातात आले, की पिंपळगाव बसवंतच्या अनेक घरांत मोठ्या टीव्हीचा विषय निघतो. घ्यावा जरूर, पण आपल्याकडे काय पाहिलं जातं आणि ते कशातून येतं, हे आधी तपासावं.

गैरसमज : फोरके टीव्ही घेतला की चित्र आपोआप स्वच्छ दिसतं.
वस्तुस्थिती : एसडी, म्हणजे साध्या दर्जाच्या वाहिनीच्या चित्रात सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके असतात, फोरके पडद्यावर सुमारे ८३ लाख. एका ठिपक्याचे वीस करून टीव्ही पडदा भरतो, म्हणून चित्र उलट धूसर वाटतं. टीव्हीच्या मागे पाहा. सेट टॉप बॉक्समधून लाल, पांढरी, पिवळी पिन आली असेल, तर त्या वायरीतून एचडी चित्र येतच नाही. एचडी बॉक्स, एचडी वाहिनी आणि एचडीएमआय वायर, तिन्ही लागतात.

गैरसमज : केबलवाला देईल तेच पॅकेज घ्यावं लागतं.
वस्तुस्थिती : फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या सुट्या निवडता येतात. सशुल्क वाहिन्यांच्या किमती जाहीर असतात. त्यावर नेटवर्क शुल्क आणि १८ टक्के जीएसटी लागतो. नेटवर्क शुल्काला पूर्वी मर्यादा होती. २०२४ मध्ये ट्राय या नियामक संस्थेने ती काढली. त्यामुळे केबल आणि डीटीएच, दोन्हींचे दर विचारा. काही वेळा सुट्या वाहिन्यांपेक्षा पॅकेजच स्वस्त पडतं. बेरीज करूनच ठरवा.

गैरसमज : महिन्याचे पैसे भरल्याशिवाय टीव्ही दिसत नाही.
वस्तुस्थिती : दूरदर्शनची मोफत डिश सेवा २००४ पासून आहे. छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच. केबलची तार न पोहोचणाऱ्या मळ्यातल्या घरांना ती फार सोयीची. राष्ट्रीय महत्त्वाचे क्रिकेट सामने २००७ च्या कायद्यामुळे दूरदर्शनला मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार ते प्रक्षेपण मोफत डिशवर दिसतं; खासगी केबलवरच्या दूरदर्शनवर नाही. मात्र घरातली रोजची मालिका सशुल्क वाहिनीवर असेल, तर ही डिश पुरणार नाही.

गैरसमज : स्मार्ट टीव्ही आला की केबलचा खर्च वाचतो.
वस्तुस्थिती : एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागतो, फोरकेला ७ जीबीपर्यंत. मोबाइलचा रोजचा २ जीबी डेटा तासाभरातच संपतो. ब्रॉडबँड आणि ॲपची वर्गणी केबलच्या बिलाशी ताडून पाहा. जुन्या टीव्हीला एचडीएमआय असेल, तर त्याला स्ट्रीमिंग स्टिक लावूनही काम भागतं.

गैरसमज : जीएसटी घटल्यामुळे सगळेच टीव्ही स्वस्त झाले.
वस्तुस्थिती : २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर तो आधीपासूनच १८ टक्के होता.

आठवडाभर घरात खरोखर पाहिलेल्या वाहिन्या कागदावर लिहा. यादीत नसलेल्या वाहिन्यांचे पैसे बंद करा, मग बॉक्स आणि वायर सुधारा. एवढं करूनही चित्र अपुरं वाटलं, तर नवा टीव्ही खुशाल घ्या. ते पैसे सत्कारणी लागतील.