गर्दीतून उगवणारा उजेड

अलोऱ्याच्या माणसास उजेडाचा उगम सांगावा लागत नाही. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीस उतरते, कोळकेवाडीच्या धरणात घटकाभर विसावते आणि अलोऱ्यातली ८० मेगावॉटची चार यंत्रे फिरवून वाशिष्ठीकडे मार्गस्थ होते, हा कारभार येथील शाळकरी पोरासही ठाऊक असतो. परंतु कुंभार्ली घाट चढून, पाटण-कऱ्हाडवरून कोल्हापूर गाठले, तर तेथील शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात, प्रा. शिवाजीराव पाटील व प्रा. गोविंद कोळेकर यांच्या संशोधनाने ओळखीची झालेली एक निराळीच उजेडनिर्मिती भेटते: तिला ना धरण लागते ना बोगदा, तिचे विद्युत्गृह केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढे असते.

या उजेडाचे नाव प्रतिदीप्ती. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली तिचा कायदा मुक्रर केला: अदृश्य अतिनील किरण पोटात घ्यावेत, थोडी दस्तुरी कापून घ्यावी आणि उरलेली ऊर्जा दृश्य रंगाच्या रूपाने परत करावी. पेरिलीन, अँथ्रासीन यांसारखे डांबराच्या घराण्यातले सेंद्रिय पदार्थ हा व्यवहार चोख करतात.

त्यांचे सूक्ष्म स्फटिक घडविण्याची रीत जपानच्या तोहोकू विद्यापीठात कासाई व नाकानिशी यांच्या चमूने १९९२ साली मांडली, आणि ती एखाद्या गृहिणीसही पटावी इतकी साधी आहे. पेरिलीन ॲसिटोनमध्ये विरघळवावे, जोराने ढवळल्या जाणाऱ्या पाण्यात सुईच्या टोकाने त्याचे थेंब सोडावेत. पाण्याशी वैर असलेले रेणू भांबावून एकमेकांस बिलगतात. नितळ पाण्यावर किंचित धुरकट झाक येते. साबणाच्या जातीचे द्रव्य आधीच घातले असेल, तर कणांवर त्याचे पांघरूण चढते व ते एकमेकांस चिकटत नाहीत. मग अतिनील दिवा धरावा: विरळ द्रावणात निळा दिसणारा पेरिलीन स्फटिकांच्या गर्दीत केशरी उजळतो, कारण शेजारी रेणू जोडीने उजेड देऊ लागतात.

एरवी गर्दी वाढली की पुष्कळसे रंगरेणू मंदावतात. काही मात्र गर्दीतच तेजाळतात, हे हाँगकाँगच्या बेन चुंग तांग यांनी २००१ साली ठळकपणे दाखवून दिले, आणि जिवंत पेशीच्या अभ्यासकांस त्याचे अगत्य वाटले. आबे यांच्या १८७३ च्या सिद्धांतानुसार साध्या सूक्ष्मदर्शकाची नजर सुमारे २०० नॅनोमीटरांवर थबकते. ती हद्द ओलांडणाऱ्या युक्त्यांसाठी बेटझिग, हेल व मोअर्नर यांना २०१४ चे नोबेल मिळाले. मात्र त्यांपैकी काही युक्त्यांत प्रखर किरणांचा मारा सोसावा लागतो आणि एकटा रेणू त्यात लवकर विझतो. हजारो रेणूंचा कण अधिक तेजस्वी असतो, अनेकदा अधिक टिकतो, आणि इतर काही चमकत्या कणांत असतो तसा कॅडमियमसारखा विषारी धातूही त्यात नसतो.

तरीही दोष झाकून चालणार नाही. काही नॅनोमीटरांच्या प्रथिनास पन्नास नॅनोमीटरांचा कण बांधणे म्हणजे मुंगीच्या पाठीवर समई ठेवणे होय. शिवाय पेशी असे कण गिळून आपल्या कोठारात डांबून ठेवते. म्हणून या विद्येचा निवाडा चकाकीवर करू नये. पेशी जिवंत राहिली काय, आणि दिवा नेमक्या ठिकाणी लागला काय, या दोन प्रश्नांची उत्तरे जो कण देईल, तोच कामाचा.